बालन्यायाचे शिक्षण : उमरखाडी, देवनार आणि बुलढाणा

(बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मुंबईच्या डोंगरी भागात, उमरखाडी येथे, तुरुंगाची एक जुनी वास्तू उभी आहे. कोल्हापूर प्रकरणात शिक्षा झालेल्या टिळक व आगरकर या दोघा सव्वीस वर्षांच्या तरुणांनी १८८२ साली तेथे एकशे एक दिवस काढले, आणि वऱ्हाडात अकोल्यास राहून मॅट्रिक झालेल्या आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. हा इतिहास शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. त्या तुरुंगाचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला. १९२७ साली मुंबईत मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. तुरुंगाच्या त्याच भिंतींच्या आत मग घर सोडून पळालेल्या, रस्त्यावर सापडलेल्या, किरकोळ चोरीत पकडलेल्या मुलांची सोय होऊ लागली.

तुरुंगाची इमारत बालगृहास देता येते. तुरुंगाचा पहारेकरी मात्र बालगृहास चालत नाही. मुलाला कोंडून ठेवणे आणि मुलाला सांभाळणे ही दोन भिन्न कामे आहेत, आणि दुसरे काम शिकावे लागते. कायदा झाला, न्यायालय बसले, इमारत मिळाली. पण मुलाशी बोलणारा, त्याच्या घरी जाऊन येणारा, न्यायाधीशांपुढे त्याची खरी हकीकत मांडणारा शिक्षित माणूस आणावा कोठून, हा प्रश्न तत्कालीन मुंबईपुढे उभा राहिला. बालन्यायाच्या शिक्षणाची गरज अशा रीतीने प्रथम व्यवहारात जाणवली. तत्त्वचर्चा नंतर आली.

तत्पूर्वीचा काळ फारसा रेंगाळण्याजोगा नाही. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, १८५७ साली मुंबईत सुरू झालेली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा, १८७६ व १८९७ चे सुधारशाळा कायदे, या सर्वांमागे मुलाला हात धरून काही धंदा शिकवावा, म्हणजे तो सुधारेल, एवढीच कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती. परंतु तो मुळात का बिघडला, हे विचारण्याची पद्धत तीत नव्हती. १८९९ साली अमेरिकेतील शिकागो येथे मुलांचे पहिले स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले आणि जगभर हा प्रश्न विचारला जाऊ लागला. भारतीय तुरुंग समितीने १९१९–२० मध्ये मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची शिफारस केली. त्यानंतर मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबईने १९२४ साली कायदे केले. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. मध्य प्रांताचा मुलांचा कायदा १९२८ सालचा.

या पार्श्वभूमीवर १९३६ साली मुंबईत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही शाळा निघाली. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी ती भारतातील पहिली संस्था. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते होते व नागपाड्याच्या गिरणगावी वस्तीत लोकसेवेचे केंद्र चालवीत होते. दुसऱ्याच वर्षी, १९३७ साली, या शाळेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. आपल्या देशातील तो पहिला प्रयोग समजला जातो. १९४४ साली शाळेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ असे झाले, १९५४ साली ती देवनार येथील स्वतःच्या जागेत गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गुन्हेशास्त्र आणि सुधारप्रशासन हा विषय तेथे दीर्घकाळ शिकविला जात आहे. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५), नागपूरला मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था (१९५८), पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी महाविद्यालये निघाली आणि ही विद्या मुंबईबाहेर आली.

अशा महाविद्यालयाचे ध्येय कोणते? संस्थांच्या माहितीपत्रकांत ध्येयाची वाक्ये मोठी असतात. न्यायावर व माणसावर आधारलेला समाज घडविणे, बदलत्या सामाजिक वास्तवाला ज्ञानाच्या बळावर सामोरे जाणे, असे बरेच काही त्यांत असते आणि ते योग्यही आहे. परंतु वर्गात शिकविला जाणारा मूळ धडा एका प्रश्नात मावतो. फौजदारी न्यायालय विचारते, काय घडले व ते कोणी केले? बालन्याय तेवढ्यावर थांबत नाही. हे मूल कोण आहे, कोणाचे आहे, या प्रसंगापर्यंत ते कसे आले आणि येथून पुढे त्याला कोण सांभाळणार, असे तो विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साक्षीपुराव्यातून मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी मुलाच्या दाराशी जावे लागते. म्हणून या अभ्यासक्रमांत आठवड्याचे काही दिवस विद्यार्थी वर्गाबाहेर, निरीक्षणगृहात, वस्तीत, पोलीस ठाण्यात वा न्याय मंडळात काम करतो. याला क्षेत्रकार्य म्हणतात. त्यात नापास झालेला विद्यार्थी केवळ पुस्तकी गुणांवर समाजकार्यकर्ता होऊ शकत नाही.

या शिक्षणाची मूल्ये आता कायद्यातच उतरली आहेत. २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात सोळा तत्त्वे दिली आहेत. मूल निर्दोष आहे असे गृहीत धरावे. त्याचे म्हणणे ऐकावे. त्याच्या हिताला अग्रक्रम द्यावा. त्याला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा. त्याची ओळख गुप्त ठेवावी. त्याला नव्याने आरंभ करू द्यावा. सोळाही तत्त्वांची यादी येथे वाचण्याचे प्रयोजन नाही. त्यांपैकी एक मात्र विशेष मनन करण्याजोगे आहे. मुलाविषयी बोलताना कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे ते तत्त्व सांगते. ‘आरोपी’, ‘अटक’, ‘खटला’, ‘कैदी’, ‘शिक्षा’ हे शब्द बालन्यायात वर्ज्य आहेत. शासकीय मराठीने त्यासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द घडविला. तो जिभेवर सहज बसणारा नाही, आणि मेहकरच्या किंवा नांदुऱ्याच्या चावडीवर तो कोणी उच्चारील अशी अपेक्षाही नाही. तेथे ‘आपल्या गावचं पोरगं’ एवढे म्हटले तरी कायद्याचा हेतू साधतो. ‘चोरटा’ म्हणू नये, इतकेच कायद्याला हवे आहे.

आता बुलढाण्याकडे वळू. जिल्ह्याचे तेरा तालुके. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर एका टोकाला, लोणार आणि सिंदखेडराजा दुसऱ्या टोकाला. कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ व बाल कल्याण समिती असते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी एक स्त्री. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि परिविक्षा अधिकारी यांची कामेही जिल्हा पातळीवरून चालतात. देवनारला किंवा नागपूरला शिकून आलेली माणसे या यंत्रणेत असतात; परंतु ती मूठभर, आणि गावे शेकड्यांनी. संग्रामपूरकडील एखाद्या पाड्यातील मुलाची हकीकत जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळत नाही. ती ज्यांना कळलेली असते ते लोक गावात राहतात : शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका. महाविद्यालयात न गेलेल्या या मंडळींच्या हाती बालन्यायाचे अर्धे काम आहे.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, परंतु शेतीच्या मुलखात अशक्य कोटीतील नाही. समजा, मोताळा तालुक्यातील एका सतरा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची केबल कापली, आतील तांबे काढले आणि भंगारात विकले. ऐन ओलिताच्या दिवसांत शेतकऱ्याचे पाणी तुटले. त्याचा संताप साहजिक आहे. गावात पहिली सूचना येते ती मुलाला चोप देण्याची, दुसरी त्याला ठाण्यात बसवून ठेवण्याची, आणि तिसरी, तंटामुक्तीच्या काळापासून रूढ झालेली, गावातच मिटवून टाकण्याची.

कायदा या प्रसंगी काय म्हणतो? चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असल्याने हा कायद्याच्या भाषेत किरकोळ अपराध होतो. अशा प्रकरणी मुलाविरुद्ध प्रथम खबरी अहवाल नोंदवावयाचा नसतो. ठाणे दैनंदिनीत नोंद करून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा असतो. मूल ताब्यात घेतलेच, तर ते प्रत्येक ठाण्यात नेमलेल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवावे लागते. त्याला बेड्या घालता येत नाहीत, कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. तांबे विकत घेणाऱ्या प्रौढ माणसानेच त्याला या कामास लावले असेल, तर कायद्याचा खरा रोख त्या प्रौढावर आहे : मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. गावात मिटविलेल्या प्रकरणात नेमका हाच इसम सुटतो. मुलाचा बाप कर्ज काढून केबलची भरपाई देतो, आणि पुढच्या हंगामात तोच भंगारवाला दुसऱ्या मुलाकडे वळतो. समजुतीने मिटविण्यास कायद्याचा विरोध नाही; प्रकरण न्यायप्रक्रियेबाहेर वळविणे हे त्या सोळा तत्त्वांपैकीच एक आहे. मात्र ते मंडळाच्या नजरेखाली व्हावे, झाडाखालच्या बैठकीत दंड ठरवून नव्हे.

मूल मंडळापुढे आल्यावर परिविक्षा अधिकाऱ्याला सामाजिक तपासणी अहवाल तयार करण्यास सांगितले जाते. त्यासाठी मुदत पंधरा दिवसांची. देवनारच्या वर्गात ज्या विद्येवर सर्वांत अधिक भर दिला जातो, ती हा अहवाल लिहिण्याची. घरात कोण आहे, उत्पन्न किती, मुलाने शाळा कधी व का सोडली, शिक्षकांचे व सोबत्यांचे त्याच्याविषयी मत काय, अशी त्याची रूपरेषा आहे. परिविक्षा अधिकारी मग शाळेत येतो आणि मुख्याध्यापकांना विचारतो. येथे दोन प्रकारची उत्तरे मिळू शकतात. एक उत्तर असे : ‘मुलगा अनियमित, अभ्यासात लक्ष नाही.’ दुसरे उत्तर हजेरीपत्रक उघडून दिलेले : ‘जून ते सप्टेंबर हजेरी जवळजवळ पूर्ण. सोयाबीन काढणीला गैरहजेरी सुरू, कापूस वेचणीत ती वाढली, दिवाळीनंतर आलाच नाही. मागील दोन वर्षेही हाच क्रम.’ पहिल्या उत्तरातून मंडळाला एक बेशिस्त मुलगा दिसतो. दुसऱ्यातून एक घर दिसते, ज्याला वेचणीच्या दिवसांत हातांची गरज आहे आणि ज्यातील मुलगा दरवर्षी तीन महिने मागे पडत शेवटी शाळेतून गळाला आहे. अपराध तोच, परंतु मंडळाचा निर्णय या दोन उत्तरांनुसार बदलू शकतो. समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षेवर पालकांच्या स्वाधीन करणे, असे अनेक मार्ग मंडळाला मोकळे आहेत. विशेष गृहात ठेवणे हा त्यांतील शेवटचा, आणि तोही तीन वर्षांपलीकडे नाही.

हजेरीपत्रकाहूनही एक वही अधिक महत्त्वाची आहे. ती म्हणजे शाळेची दाखल-खारीज नोंदवही, जिला सर्वत्र जनरल रजिस्टर म्हणतात. मूल अठरा वर्षांखालील आहे की नाही, यावर या कायद्याचे सारे संरक्षण अवलंबून आहे, आणि वय कसे ठरवावे हे कलम ९४ ने क्रमवार सांगितले आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र; ते नसल्यास नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला; आणि या दोन्हींच्या अभावीच हाडांच्या तपासणीवरून वैद्यकीय अंदाज. याचा अर्थ असा की, न्यायासनापुढे पहिला साक्षीदार म्हणून शाळेची नोंदवही उभी राहते आणि दुसरी ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही. महाराष्ट्रातील एका पिढीचा वाढदिवस एक जून हा आहे. मूल शाळेत आणले, आईला पावसाळ्याचे दिवस होते एवढेच आठवते, गुरुजींनी सोयीची तारीख घातली आणि जाता जाता एखादे वर्षही वाढविले. त्या वेळी त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. परंतु वाढविलेले ते एक वर्ष सतरा वर्षांच्या मुलाला अठराचा करते, आणि अठराच्या मुलासाठी तुरुंगाचे दार उघडे असते.

या एका नोंदीचे मोल किती असू शकते, हे दाखविणारे प्रकरण महाराष्ट्रातच घडले आहे. १९९४ साली पुण्यात एका कुटुंबातील स्त्रिया व मुले मिळून सात जणांची निर्घृण हत्या झाली. पकडलेल्यांपैकी एकास फाशीची शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तो अनेक वर्षे फाशीच्या छायेत तुरुंगात राहिला. अखेर राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील सरकारी शाळेच्या नोंदवहीत त्याची जन्मतारीख मिळाली. ती तपासून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये निर्णय दिला की, घटनेच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. त्या वयाच्या मुलास कायद्याने तीन वर्षांहून अधिक काळ ठेवताच आले नसते. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ बंदिवासात काढून तो नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडला. वयाचा हा दावा प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यावरही मांडता येतो, ही तरतूद त्याच्या कामी आली. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठातील एका प्रकल्पाने त्याची बाजू हाती घेतली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विद्यापीठाचे अभ्यासक पाठीशी होते. पण आधार दिला तो खेड्यातील एका शिक्षकाने अनेक वर्षांपूर्वी भरलेल्या एका ओळीने. सात जीव गेलेल्या त्या घराचे दुःख या निर्णयाने कमी झाले नाही. त्या दुःखाचा हिशेब कायद्याला मुलाच्या वयाच्या रकान्यात मांडता येत नाही, एवढेच म्हणता येईल.

येथे साहजिकच एक आक्षेप पुढे येतो. मुलांना एवढी सवलत देऊन गुन्ह्यांना उत्तेजन मिळत नाही काय? डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर हा प्रश्न देशभर तीव्रतेने विचारला गेला. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली वयाची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नाही, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही अठराची मर्यादा कायम ठेवली. तरीही २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक वेगळी वाट ठेवली : किमान शिक्षा सात वर्षे वा अधिक असलेल्या निर्घृण अपराधात मंडळ मुलाच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करते आणि आवश्यक वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे प्रौढाप्रमाणे चौकशीसाठी पाठविते. बालन्यायाच्या अभ्यासकांपैकी पुष्कळांनी या तरतुदीला विरोध केला होता. संसदेने निर्णय घेतला, आणि तो पाळणे सर्वांवर बंधनकारक आहे. तथापि गावपातळीवर या तरतुदीत कोणती मुले सापडतात, हे पाहण्याजोगे आहे. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी संमतीने घरातून निघून जातात. मुलीचे पालक तक्रार करतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील संमतीला अर्थ नसतो. आणि मुलगा एकाएकी निर्घृण अपराधाच्या वर्गात जाऊन बसतो. कोवळ्या वयातील अविचार आणि अत्याचार यांतील भेद करण्यासाठीच मंडळापुढे नीट अहवाल लागतो, आणि तो पुन्हा शाळेत व गावातच तयार होतो.

हा कायदा केवळ अपराधात सापडलेल्या मुलांचा नाही. ही गोष्ट वारंवार विसरली जाते. त्याचा मोठा भाग काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी आहे. शेगाव, मलकापूर, नांदुरा ही मुंबई–हावडा मार्गावरील स्थानके. घर सोडलेले मूल फलाटावर एकटे दिसणे तेथे अशक्य नाही. शेगावला तर यात्रेकरूंची सततची वर्दळ. अशा वेळी १०९८ हा क्रमांक फिरवावा. ही सेवाही १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेच्याच एका क्षेत्रप्रकल्पातून उगवली आणि देशभर गेली. तसेच बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक. कर्ता पुरुष गेलेल्या घरातील मूल वसतिगृहात वा संस्थेत जाण्याऐवजी आईजवळच राहावे, यासाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज बाल कल्याण समितीपर्यंत पोहोचविणे हे सरपंचांच्या अध्यक्षतेखालील गाव बाल संरक्षण समितीचे सर्वांत उपयुक्त काम ठरावे. पुष्कळ गावांत ही समिती कागदावर असते. तिची बैठक बोलावण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

मूल्ये ही ज्यांनी पाळावयाची त्यांच्या सोयीवर सोडली की काय होते, याचे स्मरण १९८६ सालाने करून दिले आहे. महाराष्ट्रातील पत्रकार शीला बारसे यांनी देशातील तुरुंगांत ठेवलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा मुलांचे कायदे राज्याराज्यांत होते, महाविद्यालये होती, प्रशिक्षित माणसेही काही होती. आणि तरी मुले तुरुंगात होती. त्याच वर्षी संसदेने जम्मू-काश्मीर वगळता साऱ्या देशाला लागू होणारा बाल न्याय अधिनियम केला व तो २ ऑक्टोबर १९८७ पासून अंमलात आला. त्यात मुलग्यांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा अशी मर्यादा होती. भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस मान्यता दिली आणि २००० सालच्या कायद्याने दोघांसाठी अठरा हे वय ठरविले. कायदे बदलत गेले. तुरुंगातील त्या मुलांना मात्र आधी कोणी तरी आत जाऊन मोजावे लागले.

आता गुप्ततेविषयी. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, गाव, ज्यावरून त्याची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे. भंगास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मनाई केवळ वृत्तपत्रांसाठी आहे असा गैरसमज दिसतो. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ‘केबलचोर सापडला’ असे लिहून मुलाचे चित्र फिरविणाऱ्या सुशिक्षित माणसाला आपण कायदा मोडला, हे ठाऊकही नसते. त्याच कलमाने पोलिसांनाही बांधले आहे : प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी मुलाच्या त्या नोंदीचा उल्लेख करता येत नाही. कलम २४ प्रमाणे अशा मुलाला पुढे नोकरीसाठी वा निवडणुकीसाठी त्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही. प्रौढाप्रमाणे चौकशी होऊन दोषी ठरलेली सोळा वर्षांवरील मुले तेवढी याला अपवाद आहेत.

उरतो प्रश्न शाळेचा. मंडळाने चार महिन्यांच्या मुदतीत चौकशी संपविली आणि मोताळ्याचा तो मुलगा परिविक्षेवर घरी आला, असे समजू. शेतकऱ्याची केबल बसली आहे. मुलगा पुन्हा शाळेत येऊ इच्छितो, किंवा दुसऱ्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाण्यासाठी दाखला मागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ असे दोन रकाने असतात. त्यांत काय लिहावे, याचा विचार परिविक्षा अधिकारी करणार नाही, मंडळही करणार नाही. दाखला मुख्याध्यापकांच्या मेजावर असतो, आणि पलीकडच्या बाकावर मुलगा आईसोबत बसलेला असतो.